कारणाचा रकाना

दगूनाना कुणालाही भेटले की आधी त्याच्या डाव्या बरगडीखाली हात लावायचे. रामराम, नाव, गाव, हे सगळं नंतर. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी तीसेक वर्षं ड्रेसर म्हणून, म्हणजे मलमपट्टी करत, काढली होती. गाय असो, म्हैस असो की शेळी, रवंथ करणाऱ्या जनावराच्या डाव्या कुशीवर हात ठेवला की ते जेवलंय का, किती जेवलंय, आणि जेवलेलं अंगी लागतंय का हे कळतं. हाताला लागलेली ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कुशीवर पंजा ठेवला तेव्हा मी दचकून मागे सरलो.

"माणसाचं काय कळतं त्यात?" मी विचारलं.

"काईच नाय," नाना म्हणाले. "माणसाचं पोट बी खोटं बोलतं. पण हात ठिवला का माणूस खरं सांगतो. जेवला नाय ना तू?"

जेवलो नव्हतो. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली, मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि मग विचारलं, "आता सांग, तू कोण?"

मी सांगितलं, मी संवाद लिहितो.

"कोनाचे?"

"शेळीचे."

नानांनी उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडला. "शेळी बोलती व्हय रे? तीस वर्षं माझ्याशी एक नाय बोल्ली." त्या दिवसापासून माझं नाव 'लेखक' पडलं. खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

ही गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. नाशकात आम्ही मुलांसाठी एक मालिका करत होतो, 'मैनाबाईंचा वर्ग'. मैना नावाची शेळी शाळा चालवते, गाढव हेडमास्तर, कोंबडा शिपाई, बदकांची अख्खी पहिली इयत्ता. बाहुल्या नाहीत, चित्रं नाहीत. सगळी खरी जनावरं आणि त्यांच्या तोंडी माणसांचे आवाज. मखमलाबादच्या पुढे द्राक्षबागेला लागून एक मळा भाड्यानं घेतला होता. जनावरं सांभाळायला दगूनाना होते, दिग्दर्शक कर्णिकसर पुण्याहून आले होते, आणि मी त्यांचा संवादलेखक, सहायक आणि बाकी कुणी करणार नाही ती सगळी कामं करणारा. वय पंचवीस. वडील ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर. त्यांनी खटपट करून तिथंच माझी अप्रेंटिसशिप ठरवली होती. ती सोडून मी शेळीचे संवाद लिहायला आलो, तेव्हापासून घरात वडील माझ्याशी आईमार्फत बोलत. हे सगळं मी नानांना भाकरीच्या दुसऱ्या तुकड्याबरोबर सांगून टाकलं होतं. त्यांच्यापुढे माणूस असं काहीबाही सांगून मोकळा व्हायचा.

शेळी बोलते असं दाखवायचं तर तिचं तोंड हललं पाहिजे. आमच्या आधी हे काम कुणी कसं केलं होतं ठाऊक नाही. कर्णिकसरांचं म्हणणं होतं की तिला सकाळपासून उपाशी ठेवा आणि शॉटच्या वेळी गुळाचा खडा द्या, ती चघळेल. नानांनी पहिल्या बैठकीतच हात जोडले.

"साहेब, उपाशी जनावर काम करत नाय. भीक मागतं. क्यामेऱ्यात दिसंल ते."

"मग तोंड कसं हलणार?"

"पोटभर खाऊ घाला आन् घंटाभर सावलीत बसवा. सोताहून हलंल."

आणि तसंच झालं. चिंचेखाली बसलेली मैना डोळे अर्धे मिटून रवंथ करू लागली आणि मॉनिटरवर साक्षात एक बाई बोलताना दिसल्या, शांत, थोड्या कंटाळलेल्या, पण वर्गावर पूर्ण ताबा असलेल्या. कर्णिकसर खुर्चीतून उठले. मी वही घेऊन मोजायला बसलो. एक घास वर आला की ती चाळीसेक वेळा तोंड हलवायची, मग गिळायची, जरा थांबायची, मग पुढचा घास. माझं वाक्य त्या चाळिसात बसायला हवं आणि गिळण्यापाशी पूर्णविराम यायला हवा. पुढे लोक म्हणायचे, मैनाबाईंच्या बोलण्यात काय विराम आहेत! ते विराम माझे नव्हते. पल्लेदार वाक्यं लिहिण्याची माझी खोड त्या शेळीनं मोडली. आजही लिहिताना वाक्य लांबलं की मला तिचा गळा हललेला दिसतो.

कोंबड्याचंही एक सांगतो. शाळेची घंटा म्हणून त्यानं आरवायचं होतं आणि वेळ दुपारी तीनची. नानांनी त्याच्यावर डालं उपडं घातलं, वरून घोंगडं टाकलं आणि शेजारी विडी ओढत बसले. थोड्या वेळानं "क्यामेरा चालू करा" म्हणत डालं उचललं. कोंबड्याला वाटलं, उजाडलं. मान ताणून असा आरवला की पलीकडच्या मळ्यातल्या दोन कोंबड्यांनी उत्तर दिलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांना आणखी एक टेक हवा होता.

"नाय," नाना म्हणाले. "एकदा फशिवलं तेवढं बास."

"अहो, कोंबडाच आहे तो!"

"म्हनून तर. दोनदा फशिवला तर उद्यापासून खऱ्या उजेडाला बी आरवायचा नाय." मग त्यांनी कोंबड्याला काखेत घेतलं आणि आम्हा सगळ्यांसमोर, जराही न हसता, म्हणाले, "माफ कर गड्या. खोटं बोल्लो तुला."

आम्ही मात्र खूप हसलो. मी तर सगळ्यात जास्त.

नानांच्या पिशवीत भाकरीबरोबर एक फाईल असायची. दवाखान्यातले उरलेले जुने छापील केसपेपर त्यांनी जपून ठेवले होते, आणि मालिकेतल्या प्रत्येक जनावराचा एकेक केसपेपर केला होता. 'जात, वय, रंग, सकाळचा चारा, लक्षणे, कारण, उपचार' असे रकाने. गाढवाच्या लक्षणांत लिहिलं होतं, 'मानी आहे. मागून हाक मारू नये.' एका बदकापुढे नुसतंच, 'हे बरं आहे.' कर्णिकसर एकदा सगळ्यांवर उगीच उखडले, तेव्हा नानांनी त्यांचाही कागद करून हातात दिला होता. लक्षणे : ओरडणे. कारण : दोन वाजले तरी डबा आला नाही. उपचार : डबा. सर इतके हसले की तो कागद त्यांनी पाकिटात ठेवला.

"कारणाचा रकाना लय महत्त्वाचा," नाना मला म्हणायचे. "उपचार कोनी बी लिवतं. कारन लिवाया आधी जनावरापाशी बसावं लागतं."

आता त्या दिवसाकडे यायला हवं. इतकी वर्षं मी नानांच्या गोष्टी सांगत आलो, कोंबड्याची, डब्याची, आणि दरवेळी इथंच थांबत आलो. ऐकणाऱ्यांना वाटायचं, गोष्ट संपली.

एका भागात मैनाबाई अंगणाच्या टोकापासून धावत फळ्यापाशी येतात आणि पाटीवर पाय ठेवतात असं दृश्य होतं. आदल्या दिवशी तीन तास गेले. मैना यायची, पण चालत, मध्ये थांबून भिंतीचा वास घेत. नाना म्हणाले, "आज तिला नाय वाटत. उद्या बघू." कर्णिकसर त्यांना काही बोलले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या सकाळी हा शॉट मिळाला पाहिजे. कसा ते मला सांगू नकोस. तुझ्यात दम असेल तर पुढचा भाग तू दिग्दर्शित कर."

नाना रोज सकाळी सायकलवर पंचवटीच्या भाजीबाजारात जायचे. कोबी-फ्लॉवरच्या गड्ड्यांची काढून टाकलेली पानं, कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला, सगळं पोत्यात भरून आणायचे. बाजारातल्या बाया त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवत. निघताना ते मला म्हणाले, "लेखक, पेंढी तिथं हाय. मैनाला घास टाक. मला यायाला टाइम लागंल, इसरू नको."

घास म्हणजे लसूणघास. पेंढी कोपऱ्यात होती, सुतळीनं बांधलेली. मी ती सोडली नाही.

मैना माझ्याकडे बघत राहिली. नंतर ओरडायला लागली. तिचा आवाज ऐकू येणार नाही इतका लांब मी जाऊन बसलो. दहा वाजता फळ्यामागे मक्याचं पोतं उघडून ठेवलं, त्यातला ओंजळभर मका तिला हुंगायला दिला आणि अंगणाच्या टोकाला नेऊन सोडली. ती अशी धावत आली की कॅमेरामनला तिला पकडता आलं नाही. दुसऱ्या टेकला जमलं. पाय बरोबर पाटीवर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कर्णिकसरांनी मला मिठी मारली आणि आम्ही सगळे चहाला ओट्यावर गेलो. मैनाला बांधायचं माझ्याकडे होतं. पोतं बांधायचंही.

अर्ध्या तासानं नाना आले. पाल्याचं ओझं उतरवता उतरवता त्यांनी मला विचारलं, "खाल्लं का हिनं?"

"हो," मी म्हणालो. "घास टाकला ना."

चार शब्द. माझ्या आयुष्यात मी इतकं नेमकं वाक्य लिहिलेलं नाही.

तोवर मैना पोत्यापासून बाजूला येऊन भिंतीशी उभी होती. थोड्या वेळानं ती दात खाऊ लागली, मागचे पाय झाडू लागली. तिची डावी कूस फुगून पाठीच्या वर आली होती. नानांनी नुसती टिचकी मारली आणि ढोलकीसारखा आवाज आला. मग त्यांनी पोत्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या पेंढीकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढचे चार तास मी त्यांचे हात बघत होतो. तिचे पुढचे पाय ओट्याच्या पायरीवर, म्हणजे पुढचं अंग उंच राहील. तोंडात कडुलिंबाची काडी आडवी बांधलेली, म्हणजे ती चावत राहील आणि ढेकर येईल. गोडेतेलात खाण्याचा सोडा कालवून थोडं थोडं, थांबून थांबून, ठसका लागू न देता. आणि सगळा वेळ कुशीवर तळहात, गोल गोल. "मैना, ए मैने, बाय माझी, सोड, सोड ते." डॉक्टरांना निरोप गेला होता, ते दुपारी उशिरा आले. तोवर मैनाला दोन मोठ्या ढेकरा येऊन गेल्या होत्या. डॉक्टर तिला तपासून म्हणाले, "ही आता जगते. माझ्यासाठी फार काही ठेवलंच नाहीत तुम्ही, नाना."

कर्णिकसरांचा जीव भांड्यात पडला आणि मग त्यांना राग आला. ते सगळ्यांसमोर ओरडले, "पोतं उघडं कुणी टाकलं? ज्यानं टाकलं त्यानं आत्ताच्या आत्ता घरी जायचं!"

मी उभा होतो. तोंड उघडलंही असावं. पण नाना जमिनीवरून उठत होते, गुडघ्यावर हात टेकून. ते म्हणाले, "माझ्याकडनं ऱ्हायलं, साहेब. चारा माझ्याकडं, पोतं माझ्याकडं."

"नाना, तुम्ही? तुमच्या भरवशावर जनावरं सोडली होती आम्ही!"

"वय झालं," नाना म्हणाले.

त्यांनी फाईल पिशवीत घातली, मैनाच्या कानामागे खाजवलं, सायकल घेतली. माझ्याजवळून जाताना सवयीनं हात माझ्या कुशीकडे आला, पण टेकला नाही.

मालिका पुढेही चालली. जनावरं सांभाळायला दुसरा माणूस आला, त्याच्याकडे छडी होती. मैना बरी झाली, पण कॅमेरा दिसला की रवंथ थांबवायची, आमच्याकडे बघत नुसती बसून राहायची. शेवटी तिच्यासारखीच पांढरी दुसरी शेळी आणली. प्रेक्षकांना कळलं नाही. पुढचा भाग मी दिग्दर्शित केला. त्याचं कौतुक झालं, वडील बोलायला लागले, मला पुढची कामं मिळत गेली. माझं जे काही झालं ते सगळं तिथून झालं.

नानांकडे मी गेलो तो दहा-अकरा वर्षांनी. आधी बऱ्याचदा ठरवलं होतं. दिंडोरीच्या वाटेवर त्यांचं गाव, नाशकापासून तासाभराचं अंतर. ते ओसरीवर बसले होते, पार वाळून गेले होते. जवळ एक करडी शेळी. मी वाकलो तसा त्यांनी डाव्या बरगडीखाली हात लावला.

"लेखक ना रे तू? जेवला नाय."

"नाना, मला आधी एक सांगायचंय."

"उपाशी पोटी नको. सुमन, पान वाढ गं!"

सुमनवहिनी त्यांच्या सूनबाई. त्यांनी भाकरी, पिठलं, ठेचा वाढला आणि समोर बसून बोलत राहिल्या. बोलता बोलता कमरेची किल्ली काढली, कोठीचं कुलूप उघडलं, शेळीसाठी पसाभर दाणे घेतले आणि परत कुलूप लावलं.

"दाण्याला कुलूप?" मी सहज विचारलं.

"मामंजींमुळं हो, भाऊ." त्यांनी आवाज खाली आणला. "मागं तुमच्याच त्या शाळंत शेळी फुगली ना यांच्या हातनं. ध्यानात ऱ्हात नाय यांच्या. तवापासून किल्ली मीच ठिवते. आधी आख्खं गाव बोलवायचं यांना, कोनाची गाय अडली, कोनाची म्हैस. मंग कमी झालं. लोक म्हनत्यात, नानाचा हात ग्येला."

घास माझ्या तोंडात होता. मी तो चावत कोठीच्या कुलपाकडे बघत राहिलो.

वहिनी आत गेल्यावर मी नानांपाशी सरकलो आणि बोलायला लागलो. पेंढी, पोतं, ते चार शब्द. त्यांनी हात वर केला.

"मला कशाला सांगतो? मला त्याच दिशी कळलं. पेंढीला माझी गाठ तशीच होती. आन् पोट भरल्याली शेळी पोत्याला तोंड लावती, फस्त नाय करत."

"मग तुम्ही का...?"

"मी रिटायर मानूस. माझं काय जानार होतं? तू आदीच बापाचं काम सोडून आल्याला." शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तवा असं वाटलं. काय जानार ते नंतर कळलं."

त्यांनी हाक मारून वहिनींकडून फाईल मागवली. कागद पिवळे पडले होते. मैनाचा शेवटचा केसपेपर काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. 'सकाळचा चारा : पेंढी बांधलेली सापडली. लक्षणे : पोटफुगी, दात खाणे. उपचार : तेल, सोडा, काडी, चोळणे. गुण आला.' मधला रकाना कोरा होता.

"तोंडी काय बी बोल्लो आसंल. कागदावर खोटं लिवत नाय मी." त्यांनी खिशातलं पेन पुढे केलं. "लिव."

वहिनी दारात उभ्या होत्या. दहा पावलंही नव्हती. मी लिहिलं असतं तर त्यांनी ते तिथंच वाचलं असतं, आणि मी गेल्यावर ती किल्ली खुंटीला लागली असती. मी पेन हातात धरून बसलो. मग म्हणालो, "नाना, नीट लिहायला हवं. घरी नेऊन लिहितो."

नाना हसायला लागले. रागानं नाही. खोकला येईपर्यंत हसले. "लेखक ना तू! ने, ने."

नाना वारल्याचं मला त्या भेटीनंतर दोन वर्षांनी कळलं. कागद तोवर माझ्या टेबलाच्या खणात होता, आणि नंतरही राहिला.

आज मी बावन्न वर्षांचा आहे. मुलांची नाटकं, शिबिरं, मालिका करत आलो. माझ्याकडे एकच नियम आहे : पोटात काही घातल्याशिवाय कुणी उभं राहायचं नाही, मूल असो, गाढव असो की लाईटवाला. कुशीला हात लावून "जेवलास का?" विचारतो म्हणून पोरं माझी टिंगल करतात. जनावराला आणि लहान मुलाला फसवून काम घ्यायचं नाही, त्याला वाटेपर्यंत थांबायचं, हेही नानांचंच. लोक त्याला माझी पद्धत म्हणतात. ती दगूनानांची आहे. मी ती त्यांच्याकडून शिकलो आणि त्यांच्याच बाबतीत एकदा मोडली, म्हणून ती मला इतकी पक्की पाठ आहे.

गेल्या आठवड्यात मी तो कागद काढला आणि रकान्यात लिहिलं : 'शेळी मी उपाशी ठेवली. पोतं मी उघडं टाकलं. नानांचा काही दोष नाही.' नीट लिहायला इतकंच होतं. कागद घेऊन गावी गेलो. सुमनवहिनींनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "मी तर दाण्याला हात लावू दिला नाय हो त्यांना, शेवटपर्यंत."  निघताना पाठीमागून विचारलं, "भाऊ, जेवून जाता ना?"

नानांना मी शेवटचं पाहिलं ते कोरा कागद घरी नेला त्या दिवशी, एसटीच्या फाट्यावर. मी नको म्हणत असताना ते करडी शेळी घेऊन पोहोचवायला आले होते. बस आली, मी मागच्या सीटवर बसलो, कागद पिशवीत. काचेतून पाहिलं तर एक हात त्यांनी शेळीच्या कुशीवर ठेवला होता, दाण्यांचा अंदाज घेत असावेत. मग तो हात काढून उघडा पंजा माझ्यासमोर धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर लिहिल्यासारखं केलं. लिव.

मला कळलं होतं. मी न कळल्यासारखं करून त्यांना टाटा केला.